फुलांच्या कंदांवर रात्रीचा डल्ला : मावळ-लोणावळ्याच्या बागांत साळिंदर, घूस आणि रानडुकरांपासून कंद कसे वाचवतात?

निशिगंधाचे कंद एकदा लावले की दोन-तीन वर्षे फुले देत राहतात. डेलिया, ग्लॅडिओलस, कर्दळ, निरनिराळ्या लिली यांचेही थोड्याफार फरकाने तसेच. पुण्यातल्या सोसायटीच्या बागेत हे बहुतेक वेळा खरे ठरते. लोणावळा, खंडाळा, पवना धरणाचा काठ, राजमाचीच्या वाटेवरची गावे किंवा लोहगड-विसापूरच्या पायथ्याशी असलेल्या बंगल्यांच्या बागांत मात्र एखाद्या सकाळी वाफ्यात नुसते खड्डे दिसतात. पाने बाजूला पडलेली असतात आणि कंद गायब.

यावर रोपवाटिकेत, गावात, नातेवाइकांत दहा उपाय सांगितले जातात. त्यांतले काही निरुपयोगी आहेत, काही बेकायदा आहेत आणि एक-दोन तर जीवघेणे आहेत. जे खरोखर चालते ते फारसे चमत्कारिक नाही : जमिनीखाली घातलेली लोखंडी जाळी, पाणी देण्याची बदललेली वेळ आणि कोणते कंद उघड्यावर लावायचे याचा विचार.

कंदच का?

माळी ज्याला सरसकट ‘कंद’ म्हणतात, त्यात वनस्पतीचे वेगवेगळे भाग येतात. लिलीचा कंद कांद्यासारखा पदरांचा असतो, ग्लॅडिओलसचा भरीव गड्डा असतो, डेलियाची मुळेच फुगलेली असतात आणि कर्दळीचे जमिनीखालचे खोड आल्यासारखे आडवे वाढते. काम सगळ्यांचे एकच. पाऊस असताना अन्न साठवायचे, कोरड्या महिन्यांत जमिनीखाली पडून राहायचे आणि पुढच्या पावसाला त्या साठ्यावर फुटून यायचे.

सह्याद्रीच्या या भागातल्या रानफुलांचीही हीच रीत आहे. रानहळद, कळलावी, सापकांदा, शेवळे हे सगळे आठ महिने जमिनीखाली काढतात. म्हणजे उन्हाळ्यात डोंगर वरून करपलेला दिसत असला तरी त्याच्या पोटात अन्न असते आणि ते उकरून खाणारे प्राणी या रानात पहिल्यापासून आहेत. साळिंदराला बंगल्याच्या कुंपणाआतला निशिगंध आणि कुंपणाबाहेरचा रानकंद यांत फरक करण्याचे कारण नाही. उलट बागेतला कंद त्याला सोपा पडतो. मार्च-एप्रिलमध्ये बाहेरचा मुरूम दगडासारखा कडक झालेला असतो, तर वाफ्यातली माती शेणखत घातलेली, भुसभुशीत आणि ओली असते. आजूबाजूच्या सुक्या डोंगरात तेवढाच एक हिरवा, मऊ तुकडा. मावळातले कंदांचे मोठे नुकसान उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसाच्या सुमारास होते ते यामुळेच.

आधी चोर ओळखावा

साळिंदरावर उंदराचा उपाय चालत नाही आणि उंदरावर रानडुकराचा. म्हणून खड्डा बुजवण्याआधी तो नीट पाहावा.

साळिंदराचा खड्डा नरसाळ्यासारखा असतो, वर रुंद आणि खाली निमुळता. माती एका बाजूला फेकलेली दिसते. अर्धवट खाल्लेला कंद सापडला तर त्यावर पटाशीच्या दातांचे रुंद, जोडीने उमटलेले ओरखडे दिसतात. कधी एखादा काटाही पडलेला सापडतो. (साळिंदर काटे फेकून मारते ही समजूत चुकीची आहे. काटे म्हणजे रूपांतर झालेले केस. ते सैल असतात आणि सहज गळतात किंवा समोरच्याच्या अंगात रुतून राहतात.) हा प्राणी पूर्ण निशाचर असून पूर्ण वाढलेल्याचे वजन साधारण ११ ते १८ किलो भरते. दिवसभर तो बिळात किंवा कपारीत असतो. हीच जात इस्रायलच्या नेगेव वाळवंटातही आढळते आणि तिथे तिचा बराच अभ्यास झाला आहे. तिथली साळिंदरे रानकंदांवर जगतात, बटाट्याची शेती दिसली की तिकडे वळतात आणि उजळ चांदण्यात बाहेर कमी फिरतात. मावळातल्या बागकामासाठी यातून घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की नवे कंद लावून ते उघडे ठेवायचेच असतील तर निदान अमावास्येच्या आसपास ठेवू नयेत.

रानडुकराने केलेला उकीर ओळखायला डोळे लागत नाहीत. नांगर फिरवावा तसा अख्खा वाफा उलटलेला असतो, कडेला खुरांचे ठसे असतात आणि कंदांबरोबर गांडुळे, अळ्या असे सगळेच गेलेले असते. अनेकदा डुक्कर कंदासाठी आलेलेच नसते. शेणखतातल्या हुमणीसाठी येते आणि कंद वाटेत सापडतात.

घुशीचे काम वरून दिसत नाही. ती बिळातून खालून येते. रोप उभेच असते, मग एक दिवस पिवळे पडते आणि हात लावला की अलगद उपटून येते, कारण खाली कंद उरलेला नसतो. जवळपास ताज्या मातीचा ढीग आणि बिळाचे तोंड सापडते. मावळ हा भाताचा मुलूख आहे. ‘इंद्रायणी’ हा प्रसिद्ध तांदूळ वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातच तयार झाला. खाचरे पाण्याने भरली की बांधांतल्या घुशी आणि उंदीर उंच, कोरड्या जागा शोधतात, आणि बंगल्याच्या बागेतला गादीवाफा म्हणजे नेमकी तशी जागा. भातकापणी झाली, शेतातले दाणे संपले की पुन्हा एक फेरी होते.

वानर आणि माकडे दिवसा येतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल संशय राहत नाही. त्यांना कंदापेक्षा कळ्या आणि कोवळे कोंब आवडतात, पण रोप उपटून पाहण्याची खोड असते. खार कुंडीत लहान खड्डे करते. चिचुंद्रीचे नाव मात्र उगाच घेतले जाते. तिची बिळे वाफ्यात दिसतात म्हणून तिला मारतात, पण ती किडे खाणारी आहे, कंद कुरतडणारी नाही.

एक गोष्ट तपासायची राहून जाते. लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुणे शहराच्या पाच-सहा पट. ऑगस्टअखेर कंद नाहीसे झाले असतील तर ते कोणी खाल्ले नसून कुजले असण्याची शक्यता मोठी असते. खणल्यावर खड्डा रिकामा असेल, किंवा दातांची खूण असलेला तुकडा निघाला, तर प्राणी. बुळबुळीत, वास मारणारा लगदा निघाला तर कंदकुज. मुळे आणि कंद बाहेरून पोखरलेले असून मातीत इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वाकलेली पांढरट अळी सापडली तर हुमणी. या दोन्हींवर जाळी लावून काहीच होत नाही.

काही कंद स्वतःचे रक्षण स्वतः करतात

युरोप-अमेरिकेत ट्यूलिपचे कंद खारी उकरून खातात, पण शेजारच्या डॅफोडिलला तोंड लावत नाहीत. डॅफोडिलच्या कुळातल्या कंदांमध्ये लायकोरीन नावाचे कडू, विषारी द्रव्य असते. ते पोटात गेले की मळमळ आणि उलट्या होतात. डॅफोडिलला लोणावळ्याची हवा मानवत नाही, पण त्याच कुळातली बरीच फुले मराठी बागांत पिढ्यान्‌पिढ्या आहेत : पांढऱ्या कोळ्यासारखी दिसणारी स्पायडर लिली, पहिल्या सरीला फुटणारी रेन लिली, मे महिन्यात लाल चेंडू फुलवणारी फुटबॉल लिली, मोठ्या कर्ण्याची अमॅरिलिस आणि नागदवणा. घुशी-उंदरांचा त्रास असलेल्या बागेत उघड्या वाफ्यात हीच लावणे शहाणपणाचे.

दुसरे संरक्षण महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरांना माहीत आहे. अळू, सुरण, शेवळे यांची खाज ही कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे असते. म्हणून तर शेवळाच्या भाजीत काकडे घालतात आणि अळूला चिंच लावतात. बागेतल्या शोभेच्या कॅलेडियममध्येही हेच स्फटिक असतात.

पण या यादीवर सगळा भार टाकू नये. साळिंदराची विष पचवण्याची ताकद मोठी असते. त्याचे आफ्रिकेतले भाऊबंद खाजऱ्या अरम लिलीचे कंद आवडीने खातात. त्यामुळे ‘विषारी म्हणजे सुरक्षित’ हा हिशोब घुशीपुरता आणि खारीपुरता धरावा. शिवाय घरात लहान मुले किंवा कुत्रे असतील तर हेच कंद त्यांनाही अपायकारक आहेत. कांदा समजून लिलीचा कंद भाजीत जाऊ नये म्हणून काढलेले कंद स्वयंपाकघरात ठेवू नयेत.

ज्यांना कसलेच संरक्षण नाही असे कंद म्हणजे ग्लॅडिओलस, डेलिया, कर्दळ आणि फुलवाल्याकडे ‘ओरिएंटल’ नावाने मिळणाऱ्या मोठ्या सुवासिक लिली. या शेवटच्या जातीच्या काही कंदांची तर चीनमध्ये माणसेच भाजी करतात. निशिगंधही याच बाजूला धरावा. हे जाळीशिवाय लावू नयेत.

जाळी : कुठली, किती खोल, कशी

बाजारात सर्वांत स्वस्त मिळते ती कोंबड्यांच्या खुराड्याची षट्कोनी जाळी. तिची तार बारीक असते आणि साळिंदर ती ओढून फाडते. कंदांसाठी जस्ताचा मुलामा दिलेली, सांधे जोडलेली चौकोनी ‘वेल्डमेश’ घ्यावी. घुशीसाठी अर्ध्या इंचाचे, म्हणजे सुमारे १२ मिलिमीटरचे घर पुरते. प्लॅस्टिकची जाळी आणि शेडनेट यांचा दातांपुढे काही उपयोग नाही.

लहान बागेत सर्वांत चांगला उपाय म्हणजे तळाला जाळी असलेला गादीवाफा. विटा किंवा जांभा-दगड रचून दीड-दोन फूट उंचीचा वाफा करायचा. माती भरण्याआधी तळाला अर्ध्या इंची वेल्डमेश अंथरायची आणि तिच्या कडा चारही बाजूंनी भिंतीच्या आतून वर वळवून घ्यायच्या. कडा नुसत्या टेकवून ठेवल्या तर घूस नेमकी तिथूनच येते. मग खडी, माती, खत. लोणावळ्यात या वाफ्याचा दुहेरी फायदा होतो, कारण उंचीमुळे पाणी निथळते आणि कंदकुजही कमी होते. पुण्याच्या माळ्याने दिलेला ‘सपाट सरीत लावा’ हा सल्ला घाटमाथ्यावर पाळू नये.

खालून येणाऱ्या घुशीचा बंदोबस्त एवढ्याने होतो. वरून उकरणाऱ्या साळिंदरासाठी दुसरा थर लागतो. कंद लावून झाले की त्यांच्यावर दोन इंच घराची जाड तारेची जाळी आडवी पसरायची, वाकवलेल्या सळईच्या आकड्यांनी मातीत ठोकायची आणि तिच्यावर तीन-चार सेंटिमीटर माती टाकायची. कोंब घरांतून वर येतात, पण उकरणाऱ्या पंजाला जाळी आडवी येते. निशिगंधाचे ठोंब पसरतात, त्याला याहून बारीक घराची जाळी वर घालू नये. दांडे आवळले जातात. ग्लॅडिओलस दर हंगामात काढायचा असतो, त्याच्यासाठी जाळीच्या टोपल्या अधिक सोयीच्या. टोपलीत दहा-पंधरा गड्डे लावावेत, टोपलीच मातीत पुरावी आणि हंगाम संपला की टोपलीसकट उचलावी.

बाग मोठी असेल तर वाफ्यापेक्षा कुंपणाचा विचार करावा लागतो. साळिंदर चढण्यात कच्चे आहे, खणण्यात पक्के. त्यामुळे कुंपण उंच करण्यापेक्षा खोल करणे महत्त्वाचे. जमिनीवर तीन फूट आणि जमिनीखाली दीड फूट जाळी पुरेशी होते. अडचण अशी की लोणावळ्याच्या अनेक जागांत फूटभर खणले की कातळ लागतो. तिथे जाळी बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवून दीड-दोन फूट जमिनीवर आडवी पसरवतात आणि वर दगड-माती टाकतात. प्राणी कुंपणाच्या पायाशी येऊन उकरतो, मागे सरकून खणायला सुरुवात करावी हे त्याला सहसा सुचत नाही. रानडुकराला मात्र जाळीचा खालचा काठ नाकाने उचलता येतो. त्याच्यासाठी तो काठ दर चार-पाच फुटांवर खुंट्यांनी पक्का रोवावा आणि तार जाड असावी.

भक्कम भिंत असलेल्या बंगल्यातही साळिंदर येते, तेव्हा दोन जागा पाहाव्यात. एक, फाटकाखालची फट. चार बोटांपेक्षा जास्त नको. दुसरी, पावसाचे पाणी बाहेर जाण्यासाठी भिंतीत ठेवलेल्या मोऱ्या. त्यांना बारीक जाळी बसवली तर जुलैतल्या एका रात्रीत पालापाचोळ्याने तुंबून बागेत तळे होते. तिथे उभ्या सळया बसवाव्यात. रचलेल्या दगडांचा गडगा असेल तर घुशींना तो आयता वाडाच मिळतो. कंदांचा वाफा गडग्यापासून जितका दूर तितका बरा.

इथल्या पावसात जस्ताची जाळीही हळूहळू गंजते. दर उन्हाळ्यात कंद काढताना तिची एक कड उघडून पाहावी.

पाणी आणि उष्टे-खरकटे

शनिवार-रविवारच्या बंगल्यांत रखवालदार संध्याकाळी पाणी घालतो. रात्रभर वाफा ओला, मऊ आणि मातीचा वास येणारा राहतो, आणि बाहेर पडणाऱ्या प्राण्याला नेमके तेच हवे असते. सकाळी पाणी दिले तर रात्रीपर्यंत वरचा थर सुकतो. यासाठी पैसाही लागत नाही. लावणी झाल्यावर सांडलेली सालपटे, तुटके कंद वाफ्याच्या कडेला टाकू नयेत. आंब्याच्या कोयी, फणसाचे चारखंड, शिळे अन्न उघड्या खड्ड्यात टाकले की डुकरे त्यासाठी येतात आणि मग बाग पाहून जातात. माकडांना वेफर्स, केळी देणारे पर्यटक हा या गावाचा वेगळाच विषय आहे; पण एका बंगल्याने खाऊ घातले की त्याची किंमत शेजारच्या दहा बागा मोजतात.

तिखट, डांबरगोळ्या, फटाके

मिरचीपूड, फिनाईल, डांबरगोळ्या, माणसाचे केस, जुन्या साड्या, चमकणाऱ्या पट्ट्या या सगळ्यांचा परिणाम काही दिवस दिसतो. प्राणी नव्या वस्तूला बिचकतो आणि धोका नाही असे कळले की सरावतो. पावसाळ्यात तर वासाचा कुठलाही उपाय एका सरीत धुऊन जातो. एखादी लग्नाची तारीख गाठण्यासाठी चार दिवस फुले टिकवायची असतील तर हे करून पाहावे. पूर्वी वासासाठी फोरेटचे दाणे कापडात बांधून ठेवत. ते अतिविषारी कीटकनाशक असून भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून त्याच्या वापरावर पूर्ण बंदी आहे. कुठे जुना डबा पडलेला असेल तर तो वापरू नये.

विष, फासे आणि विजेची तार

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या बंदुकीपुरती नाही. पकडणे, फासा लावणे, विष घालणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे हे सगळे तिच्यात येते. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तिच्यानंतरही साळिंदर, रानडुक्कर आणि मोर हे संरक्षित प्राणीच आहेत. जमीन आपल्या मालकीची आहे, बाग आपली आहे, याने फरक पडत नाही. शेतीचा फार नाश करणाऱ्या रानडुकरांबाबत निर्णय घेण्याचा अधिकार वनविभागाचा आहे, मालकाचा नाही. प्राणी आवारात अडकला, विहिरीत पडला किंवा जखमी दिसला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. साळिंदराला कोपऱ्यात कोंडून हुसकवू नये. ते पाठ फिरवून उलटे धावत येते आणि काटे खोल रुततात.

घुशी-उंदरांसाठी विष दुकानात सहज मिळते, आणि त्याची झळ दूर जाते. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. गुंगलेला, हळू चालणारा तो उंदीर गव्हाणी घुबडाला किंवा उदमांजराला सोपे भक्ष्य वाटतो. हे पाहुणे आणि बिळात शिरणारी धामण मिळून जेवढे उंदीर कमी करतात तेवढे कुठल्याही पुडीने होत नाही. त्यांना मारले तर पुढच्या वर्षी घुशी जास्त. उंदरांचे प्रमाण खरेच हाताबाहेर गेले असेल तर पिंजरा वापरावा आणि तो रोज सकाळी पाहावा.

विजेच्या खांबावरून किंवा घरातल्या प्लगमधून थेट तार ओढून कुंपणात प्रवाह सोडणे हा सर्वांत भयंकर प्रकार. राज्यात अशा तारांना चिकटून माणसे, गुरे, बिबटे मेल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात. मरणारा बहुधा शेजारचा शेतकरी किंवा पहाटे गुरे घेऊन निघालेला मुलगा असतो, आणि तार लावणाऱ्यावर मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो. सौर कुंपणाचे यंत्र वेगळे : ते क्षणिक, मर्यादित झटका देते. ते प्रमाणित असावे, बसवणारा जाणकार असावा आणि कुंपणावर पाटी असावी. चार वाफे कंदांसाठी मात्र त्याचीही गरज नाही.

काढलेले कंद कुठे ठेवावेत

ग्लॅडिओलस फुलून गेल्यावर सहा-आठ आठवड्यांत पाने पिवळी पडतात, तेव्हा गड्डे काढावेत. जमिनीत ठेवले तर उन्हाळ्यात साळिंदर आणि जूननंतर कूज, दोघांपैकी कोणीतरी नेतेच. सावलीत वाळवावेत, माती झटकावी, जखमी गड्डे बाजूला काढावेत आणि बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून पुन्हा सुकवावेत.

खरी गफलत त्यानंतर होते. पोत्यात भरून गॅरेजमध्ये ठेवलेले कंद म्हणजे उंदरांना आयते कोठार. हवाबंद डब्यात ठेवले तर ते घामेजून कुजतात. मावळातल्या जुन्या घरांत दुधा-दह्याची भांडी मांजर-उंदरांपासून वाचवायला आढ्याला शिंके टांगत, तीच युक्ती इथे चालते. कंद जाळीदार पिशवीत किंवा कांद्याच्या पोत्यात पातळ थराने भरावेत आणि गुळगुळीत तारेने, भिंतीपासून हातभर दूर टांगावेत. सुतळीवरून उंदीर उतरतो, म्हणून वरच्या टोकाला पत्र्याची गोल चकती अडकवावी. टांगायला जागा नसेल तर अर्ध्या इंची वेल्डमेशचे झाकण असलेली पेटी करावी. लावणीनंतर उरलेले जाळीचे तुकडे तिला पुरतात.